बावीस किलोबाइटचं आकाश

नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू होतो तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीनं उभ्या असतात. व्यापारी ट्रॉलीच्या पोटात हात घालून खालचा कांदा वर काढतो, अंगठ्यानं दाबतो, पत्ती किती टिकलीय ते पाहतो आणि भाव पुकारला जातो. घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. मागे उरलेला शेतकरी मोबाइल काढतो. लासलगावला काय निघालं? उमराण्याला काय निघालं? क्विंटलमागे दोनशेचा फरक दिसला की डोक्यात हिशेब सुरू. डिझेल किती जाईल, वेळ किती मोडेल, आणि आपण पोहोचेपर्यंत तिथली आवक वाढली तर?

१९८४ साली इंग्लंडमधल्या कॉलेजात शिकणाऱ्या दोन पोरांनी नेमका हाच हिशेब एका कॉम्प्युटर गेमच्या गाभ्यात ठेवला आणि त्याच्याभोवती अंतराळ रचलं. गेमचं नाव ‘एलिट’. तीस वर्षांनी, २०१४ च्या डिसेंबरात, त्याचा वारस आला, ‘एलिट डेंजरस’. मी दोन्ही खेळलो, तेही उलट्या क्रमानं. आधी नवा, मग जुना. नव्यात लेव्ह नावाचं एक ठिकाण आहे, जुने खेळाडू तिथे यात्रेला गेल्यासारखे जातात. त्याचं मूळ शोधत १९८४ पर्यंत मागे गेलो आणि तिथेच बरेच दिवस रमलो.

मराठी माणसाला केंब्रिज म्हटलं की जयंत नारळीकर आठवतात. ते १९७२ मध्ये तिथून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. त्यानंतर दहाएक वर्षांनी त्याच केंब्रिजमधल्या जीझस कॉलेजात इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन यांची गाठ पडली. बेल गणिताचा विद्यार्थी, ब्रेबेन विज्ञानाचा. दोघांनाही कॉम्प्युटरचा नाद. त्या काळी ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रो नावाचं यंत्र घराघरांत आणि शाळाशाळांत शिरत होतं. एकॉर्न कंपनीनं बनवलेलं, १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आलेलं. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. त्यातला मोठा वाटा पडद्यावरच्या चित्रालाच लागायचा. उरलेल्या सुमारे २२ किलोबाइटमध्ये या दोघांनी अख्खा गेम बसवला.

बावीस किलोबाइट म्हणजे किती, हे एका हिशेबानं सांगतो. आजच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. तुम्ही वाचताय तो हा लेख त्या जागेत मावला नसता. एलिटमध्ये मात्र तेवढ्यात आठ दीर्घिका मावल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २०४८. प्रत्येक ग्रहाला नाव, लोकसंख्या, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था आणि बाजारभाव. शिवाय जहाजं, लढाई, चाचे, पोलीस आणि थारगॉइड नावाचे परके शत्रू.

हे जमलं कसं, ते समजलं त्या दिवशी मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या. ग्रहांची माहिती त्यांनी साठवलीच नाही. सहा बाइटचं एक बी घेतलं. ‘घर’ हा शब्द देवनागरीत लिहायला जेवढी जागा लागते तेवढंच. त्या बियात तीन आकडे. तिघांची बेरीज केली की चौथा आकडा मिळतो, मग पहिला सोडून द्यायचा आणि पुढची बेरीज करायची. या साखळीतून जे आकडे निघतील त्यांतला एखादा तुकडा ग्रहाची जागा ठरवतो, एखादा राज्यपद्धती, एखादा नाव. नावंही तशीच, दोन-दोन अक्षरांचे तीसएक तुकडे आणि आकड्यांच्या हुकुमानं त्यांची जुळणी. ‘ला’ आणि ‘व्ह’ जुळले की लेव्ह, ‘डी’ आणि ‘सो’ जुळले की डिसो. बी तेच असल्यामुळे जगातल्या प्रत्येक खेळाडूला लेव्ह त्याच जागी सापडतो. एका दीर्घिकेतून दुसरीत जायचं झालं तर बियातल्या प्रत्येक बाइटचे आठ बिट एक घर सरकवायचे. आठव्यांदा सरकवले की बी मूळ रूपात येतं आणि खेळाडू पुन्हा पहिल्या दीर्घिकेत.

मागच्या आकड्यांच्या बेरजेतून पुढचा आकडा काढायच्या या रीतीला जग फिबोनाचीचं नाव देतं. आपल्याकडे ती छंदशास्त्रातून आली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? विरहांकानं आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्रानं याचं उत्तर दिलं, १, २, ३, ५, ८, १३. नारायण पंडितानं १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त ते आणखी पुढे नेलं. मागचे दोनच आकडे कशाला, हवे तितके मिळवा, असं त्यानं सांगितलं आणि त्या मालिकेला ‘सामासिकी पंक्ति’ म्हटलं. एलिटची तीन आकड्यांची बेरीज त्याच पंक्तीत बसते. बेल आणि ब्रेबेन यांना नारायण पंडित ठाऊक असण्याचं कारण नाही. पण कवितेची ओळ मोजायच्या रीतीतून ग्रहगोल निघावेत, ही गोष्ट मला त्या गेममधल्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठी वाटते.

या बियातून हवं तर २८१ लाख कोटी दीर्घिका निघू शकत होत्या आणि दोघांना त्या सगळ्या द्यायच्या होत्या. प्रकाशक एकॉर्नसॉफ्टनं त्यांना अडवलं. इतक्या दीर्घिका दिल्या की त्या सगळ्या सारख्याच आहेत हे लोकांच्या ध्यानात येईल, आठ पुरे. हा सल्ला लक्षात ठेवण्यासारखा आहे. तीस वर्षांनी तो पुन्हा समोर येतो.

त्याआधी थॉर्न ईएमआय या मोठ्या कंपनीनं गेम नाकारला होता. तेव्हाचा गेम म्हणजे दहा मिनिटांचा मामला, खेळाडूला तीन जीव, आणि वरच्या कोपऱ्यात वाढत जाणारे गुण. एलिटमध्ये यातलं काहीच नव्हतं. लेव्हच्या स्थानकात तुम्ही उभे, हातात १०० क्रेडिट, ताब्यात कोब्रा मार्क थ्री जहाज, त्यात २० टन मालाची जागा. पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. लेव्ह शेतीप्रधान, तिथे धान्य स्वस्त. शेजारचा झाऑन्स कारखानदारीचा, तिथे कॉम्प्युटर स्वस्त. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. अराजक माजलेल्या ग्रहाकडे गेलात तर वाटेत चाचे गाठणार, त्याचाही हिशेब भावाच्या फरकात धरायचा.

नामपूर ज्यात येतं त्या आमच्या बागलाणला हा हिशेब नवा नाही. गुजरातेतली बंदरं आणि दख्खन यांच्या मधल्या वाटा याच मुलखातून जायच्या. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच १६१० च्या सुमारास सुरतेहून निघाला, तेव्हा त्यानं इथल्या राजाची, साल्हेर-मुल्हेरची आणि मुल्हेरात पाडल्या जाणाऱ्या महमुदी नाण्यांची नोंद केली. ती नाणी गुजरातच्या व्यापारात चालत. मोसम नदी त्याच मुल्हेरच्या अंगानं खाली नामपूरला येते. डोंगरातल्या वाटेवर कोणाचं राज्य आहे, जकात कोण घेतं आणि तांडा सुखरूप कोण पोहोचवतं, यावर मालाची किंमत ठरायची. १६३८ मध्ये शाहजादा औरंगजेबानं बागलाण मुघलांकडे आणलं तेव्हा किल्ल्यांइतकंच मोल या वाटांचंही होतं. एलिटमध्ये प्रत्येक ग्रहापुढे राज्यपद्धती लिहिलेली असते, अराजकापासून कॉर्पोरेट राज्यापर्यंत आठ प्रकार. ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला साल्हेरची घाटवाट डोळ्यांपुढे आली.

२० सप्टेंबर १९८४ ला गेम बाजारात आला. डब्यात रॉबर्ट होल्डस्टॉक यांची ‘द डार्क व्हील’ ही छोटी कादंबरीही होती. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर फक्त पांढऱ्या रेघा असल्यामुळे जहाजाचा रंग, ग्रहाची माती, स्थानकातली गर्दी खेळाडूनं मनानंच भरायची, आणि ती कादंबरी त्याला हात द्यायची. त्या रेघांतही कारागिरी होती. पुढची बाजू दिसावी आणि मागची झाकली जावी, हे हिशेबानं काढायला त्या यंत्रात फारशी ताकद नव्हती. म्हणून जहाजं कुठेही खाच नसलेली, सगळीकडून फुगीर अशी घडवली. तशा आकारात एखादी बाजू आपल्याकडे तोंड करून आहे की पाठ, एवढं पाहिलं की काम भागतं. टीव्हीचा झोत वरून खाली पडदा रंगवत असताना अर्ध्या वाटेत, सेकंदाला पन्नास वेळा, यंत्राची चित्रपद्धत बदलायची. वर बारीक रेघांचं आकाश, खाली रंगीत काटे आणि रडार. एकाच पडद्याचे दोन पडदे.

आणि ते स्थानक! ग्रहाजवळ स्वतःभोवती फिरणारा एक मोठा कोनाकोनांचा ठोकळा, त्याला एकच आडवी फट. त्या फटीसमोर यायचं, ठोकळ्याच्या गतीनं आपलं जहाज फिरवायचं, फट आडवी दिसू लागली की सावकाश पुढे. जरा चुकलं की जहाज फुटलं, माल गेला, सगळं गेलं. माझी पहिली धान्याची खेप अशीच गेली. पुढच्या वेळी फट जवळ येताना मी श्वास रोखून धरला होता, हे आत गेल्यावरच कळलं.

१९८४ मध्येच, ३ एप्रिलला, राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून अंतराळात गेले होते. आपल्याकडे पोरासोरांच्या तोंडी अंतराळ होतं. त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, भारत सरकारनं ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, शाळांतून कॉम्प्युटर शिकवायचा. सुरुवातीला अडीचशेच्या आसपास शाळा निवडल्या, आणि त्यांत पाठवलेलं यंत्र होतं बीबीसी मायक्रो. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं ते परवान्यावर इथेच बनवलं. ज्या यंत्रात एलिट जन्माला आला तेच यंत्र आपल्या शाळांच्या कुलूपबंद खोल्यांत, बूट काढून आत जायच्या शिस्तीत, उभं होतं. माझ्या शाळेत ते आलं नाही. आलं असतं तर, असं मी अनेकदा मनात म्हटलं आहे. कारण हा गेम शिकवत होता तो धडा कॉम्प्युटरच्या पहिल्या पुस्तकातही हवा होता: साठवायला जागा नसेल तर नियम शोधा, नियमातून हवं ते पुन्हा उगवतं.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९९३ मध्ये ‘फ्रंटियर’ आला, त्यात जहाजं न्यूटनच्या नियमांनी चालू लागली आणि ग्रहांवर उतरता येऊ लागलं. १९९५ चा त्यापुढचा भाग चुकांनी भरलेल्या अवस्थेतच बाजारात ढकलला गेला. बेल आणि ब्रेबेन यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मग सतरा वर्षं काही नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात ब्रेबेन यांनी थेट लोकांकडे हात पसरला. साडेबारा लाख पौंड मागितले. पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी पावणेसोळा लाखांच्या वर दिले. लहानपणी रात्र रात्र जागून लेव्ह ते झाऑन्स फेऱ्या मारलेले ते लोक आता चाळिशीत होते. १६ डिसेंबर २०१४ ला ‘एलिट डेंजरस’ आला.

यात आपली आकाशगंगा आहे, खऱ्या मापाची. चाळीस हजार कोटी तारे. त्यांतले दीड लाखाच्या आसपास खगोलशास्त्रज्ञांच्या याद्यांमधून घेतलेले. बाकीचे नियमांतून उगवलेले, पण आता नियम भौतिकशास्त्राचे आहेत. इथे इतकं वस्तुमान, इतकं वय, अशी मूलद्रव्यं, तर इथे कोणता तारा तयार होईल आणि त्याच्याभोवती किती ग्रह? २०१७ च्या फेब्रुवारीत ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह सापडल्याची बातमी आली. त्या जागेच्या जवळच गेमच्या गणितानं एक बटुतारा आणि त्याच्याभोवती सात ग्रह आधीच रचून ठेवले होते, असं गेमकर्त्यांनी सांगितलं. सामासिकी पंक्तीपासून इथवरचा हा प्रवास आहे.

एकॉर्नसॉफ्टचा सल्ला मात्र इथे खरा ठरतो. दहा उड्या मारल्या की अकरावा तारा ओळखीचा वाटतो. खडक, बर्फ, पुन्हा खडक. दहा वर्षं हजारो खेळाडू फिरूनही आकाशगंगेचा एक टक्कासुद्धा पाहून झालेला नाही, आणि जे पाहिलं त्यातलं बरंचसं ओसाड आहे. १९८४ चे २०४८ ग्रह यापेक्षा भरलेले वाटत. त्या ग्रहांवरही काही नव्हतंच, पण खेळाडूच्या मनात जागा होती.

तरीही मी नव्याच्या बाजूनं दोन गोष्टी ठामपणे म्हणेन. एक म्हणजे हे आकाश खरं आहे. जानेवारीत उन्हाळी कांद्याला पाणी भरायचं असतं आणि थ्री फेज लाइट रात्रीची असते. बांधावर बसलं की डोक्यावर कृत्तिकांचा झुबका, मग रोहिणी, मग मृग आणि त्याच्या मागे व्याध. गेममध्ये कृत्तिकांकडे निघालं की ते तारे एक एक करून सुटे होतात आणि निळे-पांढरे सूर्य होऊन समोर येतात. थारगॉइड परतले तेव्हा त्यांच्याशी लढाईही त्याच भागात पेटली. दुसऱ्या रात्री बांधावरून तोच झुबका पाहिला तेव्हा तो मला सपाट दिसेना. कुठला तारा पुढे, कुठला मागे, हे आता माहीत होतं. एकसुरीपणावर याहून मोठं उत्तर मला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट बाजाराची. जुन्या गेममध्ये भाव ग्रहाच्या अर्थव्यवस्थेवर आणि थोड्या नशिबावर ठरायचा. तुम्ही कितीही धान्य ओतलं तरी झाऑन्सला त्याचं सुखदुःख नव्हतं. नव्यात हजारो माणसं एकाच बाजारात माल आणतात. एखाद्या स्थानकात भाव चढल्याची खबर पसरली की सगळी जहाजं तिकडे वळतात आणि संध्याकाळपर्यंत भाव कोसळतो. नामपुरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. लेव्हची ब्रँडीही आहे. मोजकीच मिळते, आणि जितकी लांब न्याल तितका भाव चढत जातो, एका मर्यादेपर्यंत. एकदा मी ती घेऊन निघालो असताना शेजारचे नाना येऊन मागे उभे राहिले. भावांची यादी त्यांनी बराच वेळ लक्षपूर्वक पाहिली.

“तठे कांदाले काय भाव शे?”

कांदा त्या यादीत नाही, मी म्हटलं. धान्य आहे, फळं-भाजीपाला आहे. नाना म्हणाले, मग भाजीपाल्याची आवक किती ते आधी बघ. मी बघितली. त्यांचं बरोबर होतं, त्या स्थानकात मागणी जवळपास संपलेली होती.

हरवलं ते वेगळंच. नव्या गेममध्ये एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी इंटरनेट लागतं. नेटशिवाय खेळता येईल असं आधी सांगितलं होतं. २०१४ च्या नोव्हेंबरात, गेम यायला महिना उरला असताना, ते जमणार नाही असं जाहीर झालं. पैसे दिलेले अनेक जण दुखावले, आणि मला त्यांचं दुखावणं पटतं. १९८४ चं आकाश कॅसेटवर होतं, घरातल्या फडताळात ठेवता येत होतं. कंपनी राहिली नाही, यंत्र बनायचं थांबलं, तरी ते आकाश आजही जसंच्या तसं सुरू होतं. इयन बेल यांनी जुन्या आवृत्त्या लोकांसाठी खुल्या केल्या. मार्क मॉक्सन यांनी मूळ प्रोग्रॅमची ओळ अन् ओळ उलगडून टीपांसह मांडली, एखाद्या जुन्या पोथीवर भाष्य लिहावं तशी. चाळीस हजार कोटी ताऱ्यांचं आकाश दूरच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. तो ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी तेही मावळेल.

गेल्या जानेवारीत मळ्यातल्या खोलीत मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. बाहेर मोटर चालू होती. ब्रँडीची खेप घेऊन स्थानकाच्या तोंडाशी आलो, जहाज आपोआप आत नेणारं यंत्र सुरू केलं, ‘ब्लू डॅन्यूब’चे सूर वाजू लागले, आणि मोबाइलचं नेट गेलं. पडदा रिकामा, संपर्क तुटल्याचा निरोप. पाच मिनिटं वाट पाहिली. मग जुन्या यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर उघडला आणि १९८४ चा लेव्ह समोर आला. १०० क्रेडिट. धान्य भरलं, झाऑन्सकडे उडी मारली. पांढऱ्या रेघांचा तो ठोकळा काळ्यात फिरत होता. फट आडवी आली, मी जहाज त्याच गतीनं फिरवलं, सावकाश आत सरकलो. धान्य विकलं, टनामागे दोन-तीन क्रेडिट सुटले.

बाहेर पाण्याचा आवाज बदलला होता. वाफा भरला होता. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून फावडं घेतलं आणि दारं मोडायला गेलो.